उभ्याने वंदना

अंबरपेठेतल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे अपर्णा आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. हैदराबादेत मराठी कानावर पडली की तिचा मोबाइल आपोआप खाली जायचा. तपासून बाहेर आलेली आजी आणि तिची नात शेजारी येऊन बसल्या.

"रोशनी, माझा तोल गेला तवा पारूबाई काय म्हणली? पंचफुलाच्या अंगात आलं! विहारात बसून असलं बोलती."

"आजी, हळू बोल ना."

"का हळू? आपल्यात अंगात येत नसतं. डॉक्टरनी डोळे मिटून उभं केलं, तशी मी कलंडले. डोळे उघडले की खांबासारखी ताठ. तोंडाला साबण लावला की भिंत धरावी लागती, ते बी त्याच्यामुळंच."

"हौ, कळलं. पाय कुठं आहेत ही खबर पायांकडून मेंदूला नीट पोचत नाही. डोळे सांगतात, तेव्हा मेंदू तुला सांभाळतो."

"म्हणजे मेंदू शाबूत हाय."

"एकदम. पण रविवारी वंदना दुसऱ्या कुणाला घेऊ दे. तू मागे बसून म्हण."

"बावीस वर्षं मीच पुढं उभी राहून घेते. रविवारी बी घेणार. डोळे उघडे ठेवून."

"लोक हसतील. वंदनेला सगळे डोळे मिटतात. समोर बुद्धांच्या मूर्तीचे पण मिटलेलेच आहेत."

"ते बसलेले हायेत, बाळा. मी उभी असते."