डब्यावरचा दिवा

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक जोडपं होतं. बाईच्या हातात हेडफोन आणि त्याला जोडलेला, तारा लोंबणारा पत्र्याचा डबा होता. नवऱ्याचा पाय सारखा हलत होता.

“चल गं, संध्याकाळी प्रयोग आहे.”

“म्हणूनच आलोय. काल हेडफोनवर मी विंगेतून तीनदा ‘अंधार’ म्हटलं. तुम्ही लाइट तसेच ठेवलेत. मेलेला राजा उठून चालत आत गेला.”

“तू घरी बनवलेल्या त्या हेडफोनला खरखर आहे.”

“बाकी पाच जणांना नाही ऐकू येत ती.”

“हळू बोल की जरा!”

“हळू बोलले तर ऐकू येणार आहे का तुम्हाला?”

“नाटकवाल्यांना कळलं तर लाइटवरून उठवतील मला.”

“म्हणून तर तुमच्या डब्यावर दिवा लावतेय. मी बटण दाबलं की तो लागेल. लागला की अंधार करायचा.”

“आणि माझ्याच डब्यावर दिवा का, असं कुणी विचारलं तर?”

त्यांचा नंबर आला. बाईने डबा काउंटरवर ठेवला.

“बोल ना आता.”

“काय देऊ, ताई?” दुकानदाराने विचारलं.

“बारीक लाल दिवे द्या, दादा. सहा. सगळ्यांच्याच डब्यांवर लावायचेत.”

“अगं, सहा? संध्याकाळपर्यंत होतील?”

“पाय हलवायचं सोडून तारा सोलायला बसलात, तर होतील.”