अनुजाची किक आणि माझी नोकरी

...न्हाय, तुम्हीच सांगा पावणं, विज्ञान शिकवायचं, ते बी इंग्लिशमधनं, आणि समोर सातवीची पन्नास पोरं शिवाजी पेठंतली, ज्यांच्या घरात इंग्लिश फक्त औषधाच्या बाटलीवर हाय... शिकवायचं कसं? पण आमचं हेडसर! तेंचं आपलं एकच, "ओन्ली इंग्लिश, नईम सर!" सेमी-इंग्लिश शाळा की! आणि मी तीन वर्षं कच्चा मास्तर. जूनला पक्का व्हायचं का घरला बसायचं, ते सगळं तेंच्या हातात.

मी म्हणायचं, "फोर्स इज पुश ऑर पुल. अंडरस्टँड?" पोरं एका सुरात, "येस सऽऽर!" अनुजाला उभी केली, "व्हॉट इज फोर्स?" तर म्हणती, "येस सर!" आता हसू का रडू?

मग टाळकं चाललं! ही पोरं दिसभर फुटबॉल खेळत्यात. फ्री किक, कॉर्नर, पेनल्टी... इंग्लिशच की हो सगळं! आणला बॉल वर्गात. किक मारली, फोर्स. चिखलात बॉल अडला, फ्रिक्शन. गोलकीपरनं अडवला, ते बी फोर्स! आठ दिवसांत पोरं ताडताड बोलाय लागली. गहिवरून आलं ओ मला, खरंच सांगतो.

आणि आली की तपासणी! साहेब मागच्या बाकावर, शेजारी हेडसर, लांबनंच डोळं वटारून, "ओन्ली इंग्लिश, नईम सर!" साहेबांनी विचारलं, "व्हॉट इज फोर्स?" अनुजा उठली, "सर, आय शो!" म्हणाली, टेबलाखालचा बॉल काढला आणि अशी किक हाणली, अशी हाणली... नाद खुळा! बॉल थेट हेडसरांच्या कपाळावर! चष्मा एकीकडं, हेडसर एकीकडं. आणि ही बया शांतपणे, "धिस इज फोर्स. हेडसर स्टॉप बॉल. धिस ऑल्सो फोर्स!"

हेडसर लालबुंद! "अगं ए, डोळं फुटलं काय तुझं? ह्यो वर्ग हाय का तालीम? कुठं गेला त्यो मास्तर..." तवर पन्नास पोरं एका सुरात, "ओन्ली इंग्लिश, सऽऽर!"

साहेब पोट धरून हसलं. जाताना वहीत शेरा लिवला, 'या शिक्षकांना सोडू नका.' झालो की पक्का! पेढं घेऊन हेडसरांकडं गेलतो. कपाळावर हे एवढं टेंगूळ! पेढा खाल्ला, गोड हसलं, ऑर्डर हातात दिली आणि वर एक शिट्टी. "पी.टी.चं मास्तर म्हणून पक्कं केलंय तुम्हास्नी."

आता दिसभर ग्राउंडावर, उन्हात. परवा न राहवून विचारलं, "सर, शिट्टी तरी मराठीत वाजवू का?"

"ओन्ली इंग्लिश, नईम सर!"

...वाजवतोय. काय करतासा!