रूपाचा प्रोग्राम

चिकलठाण्याहून निघालेल्या सिटी बसमध्ये केसरबाईंच्या पुढच्याच सीटवर दोघं बोलत होते. तीस वर्षं इमारतींचं डिझाइन करणारे गोकुळराव, आणि त्यांचे जुने मित्र माऊली.

"साहेब आता मला विचारतच नाय, माऊली. कॉलम केवढा घ्यायचा, तर म्हणतात, रूपाच्या प्रोग्रामला विचारा."

"त्या पोरीला कामाला लागून किती दिवस झाले?"

"दोन वर्षं. त्यातले तीन महिने माझ्याच टेबलाशी बसली होती. हे असंच का, ते तसंच का, सगळं विचारून घेतलं. मीपण लई कौतुकानं सांगितलं. तेच कॉम्प्युटरमध्ये घातलं तिनं."

"म्हणजे डोकं तुमचं."

"अन् सत्कार तिचा."

"चुकत असंल की कुठं तरी."

"त्याचीच वाट बघत होतो. काल ती जेवायला गेली, तेव्हा माझं एक डिझाइन त्यात टाकून बघितलं. त्यानं पायाच नापास केला."

"का बरं?"

"खाली काळी माती आहे, पाण्यानं फुगते, पाया आणखी खोल घ्या म्हणाला."

"बरोबर होतं?"

"व्हय. मातीचा रिपोर्ट मी नीट वाचलाच नव्हता. चाळीस घरं व्हायची होती तिथं."

मुकुंदवाडीचा स्टॉप आला. केसरबाईंना तिथंच उतरायचं होतं, पण त्या उठल्या नाहीत.

"ही अक्कल त्याला दिली कुणी?"

"खाली लिहून येतं ना, नियम कुणी सांगितला ते. माझंच नाव होतं."

"मग पोरीला सांगितलं का?"

"पाया खोल करून नवा नकाशा दिला. तिनं विचारलं, काका, बदल का केला?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, अनुभवानं कळतं."