करंगळी सोडून

आमच्या मामीचा किस्सा सांगितला का तुला? राळेगणसिद्धीजवळ मामाच्या पाच गाई, आणि धारा एकटी मामीच काढते. तिच्या बोटांना सारख्या मुंग्या यायच्या. "मानेचा मणका हाय," म्हणत मामानं तिच्या गळ्याला पट्टा बांधला. मामी पट्टा लावून धारा काढायची! शेवटी दोघांना घेऊन मी नगरला डॉक्टरीणबाईंकडं गेलो.

बाईंनी विचारलं, "करंगळीलाही मुंग्या येतात?"

"न्हाई, करंगळी सोडून," मामी म्हणाली.

बाईंनी तिचं मनगट दुमडून धरलं. लगेच मुंग्या आल्या.

"मान चांगली आहे. मनगटात बाकीच्या बोटांची नस दबलीय. आता महिनाभर धारा यांनी काढायच्या," बाई मामाकडं बोट दाखवत म्हणाल्या.

मामानं झटकन हात पुढं केला. "बाई, मला बी मुंग्या येत्यात. करंगळी सोडून!"

"कधीपासून?"

मामी म्हणाली, "उद्यापासून."