दहा वाजल्यापासूनचं चित्र

इंजिनिअर : हे बघा सिस्टर, माझ्या स्क्रीनवर दिसतंय की! काचेच्या पेटीत मस्त पाय झाडतेय पोरगी. उगाच माझ्या नावानं शंख करताय.

सिस्टर : तुम्हाला दिसतंय हो. तिच्या आईला कुठं दिसतंय? पलीकडच्या इमारतीत तिच्या टॅबवर दहा वाजताचं चित्र अडकून बसलंय. हलत नाही की डुलत नाही.

इंजिनिअर : टॅब बिघडला असेल. दुसरा द्या.

सिस्टर : ती हातातला सोडेल तेव्हा ना! छातीशी धरून बसलीय. म्हणते, माझी मुलगी दहा वाजता गेली आणि तुम्ही लपवताय.

इंजिनिअर : अहो, मग सांगा ना तिला, बाळ ठणठणीत आहे म्हणून.

सिस्टर : दहादा सांगितलं. पण तिच्या पहिल्या वेळी, दुसऱ्या हॉस्पिटलात, तिला दिवसभर हेच सांगत होते. 'बाळ बरंय, झोपलंय.' संध्याकाळी कळलं.

इंजिनिअर : अरे देवा.

सिस्टर : अंगात ताप, पोटाला टाके, बाळाजवळ जायची परवानगी नाही. आणि आता सलाईन काढून चालत निघते म्हणतेय. दहा वाजता काय केलंत तुम्ही, तेवढं सांगा.

इंजिनिअर : फायरवॉलला, म्हणजे आपल्या नेटवर्कच्या पहारेकऱ्याला, नवा नियम लावला. गेल्या आठवड्यात बाहेरचं कुणीतरी आपल्या कॅमेऱ्यांत डोकावत होतं ना? म्हणून आता प्रत्येक चित्र तपासूनच सोडायचं.

सिस्टर : मग काढा तो नियम.

इंजिनिअर : काढला तर कुणीही परका या पोरीला बघत बसेल. चालेल?

सिस्टर : नाही चालणार. पण मला मराठीत सांगा, अडलंय कुठं?

इंजिनिअर : कॅमेरा आणि टॅब आधी आपसात बोलणी करतात, चित्र कुठल्या दारानं पाठवायचं ते ठरवतात. फायरवॉल ती बोलणी ऐकतो आणि तेवढंच दार उघडतो. बोलणी होतात पाचशे चोपन्न नंबरच्या दाराशी, म्हणून मी त्याला तिथं... थांबा. हा कॅमेरा कुणी बसवला?

सिस्टर : तुमच्या आधीच्या साहेबांनी. नंबरसुद्धा मुद्दाम वेगळा ठेवला होता, कुणाला सापडू नये म्हणून. पेटीवर चिकटवलाय. आठ हजार पाचशे चोपन्न.

इंजिनिअर : गेलं! फायरवॉल ऐकतोय एका दाराशी, हे बोलतायत भलतीकडेच. बोलणी त्याच्या कानावर गेलीच नाहीत, म्हणून त्यानं चित्र अडवलं.

सिस्टर : मग तुम्हाला कसं दिसतंय?

इंजिनिअर : मी आणि कॅमेरा फायरवॉलच्या एकाच बाजूला आहोत. इथून बघितलं आणि म्हटलं, झालं काम. गाढव आहे मी.

सिस्टर : ते नंतर ठरवू. आधी दुरुस्त करा.

इंजिनिअर : केलं. हा नंबरही ऐकायला सांगितलाय. पण टॅबला पहिल्यापासून बोलणी करावी लागतील. तिला म्हणावं, एकदा बंद करून परत लावा.

सिस्टर : लावते फोन, तुम्हीच सांगा... हॅलो, अगं, सिस्टर बोलतेय. फोन स्पीकरवर आहे, कॉम्प्युटरवाले साहेब आहेत इथं.

आई : दहा वाजल्यापासून हललेली नाही ती.

इंजिनिअर : ताई, तो टॅब एकदा बंद करून परत लावाल का?

आई : नाही. हे शेवटचं चित्र आहे माझ्याकडे. बंद केलं आणि परत नाही आलं तर?

सिस्टर : अगं, बाळ खरंच बरं...

आई : सिस्टर, हे वाक्य नको.

इंजिनिअर : ताई, मी दुसरंच सांगतो. चूक माझी आहे. सकाळी मी एक नंबर चुकवला आणि तुमचं चित्र अडलं. तपासलं ते माझ्या खुर्चीत बसून, तुमच्या बाजूनं बघितलंच नाही. तुमचे तीन तास माझ्यामुळं असे गेले.

आई : ...चूक तुमची?

इंजिनिअर : माझीच. इतर कुणाची नाही.

आई : त्या वेळी कुणीच असं म्हटलं नव्हतं. प्रत्येक जण म्हणायचा, सगळं ठीक आहे.

सिस्टर : कर गं बाई बंद. मी आहे फोनवर.

आई : केला.

(टॅब परत सुरू होईपर्यंत सिस्टर आणि इंजिनिअर फोनजवळ वाकून थांबतात.)

आई : आली! सिस्टर, पाय हलवतेय! एक मोजा निघालाय तिचा.

सिस्टर : हुश्श! निघू दे मोजा, घालते मी जाऊन. रडू नकोस, टाके ओढतील.

आई : मी कुठं रडतेय? तुम्हीच रडताय.

इंजिनिअर : ताई, मी तिकडेच येतो. तुमच्याजवळ उभा राहून एकदा बघतो, नीट चाललंय ना. इथून बघून आता माझा विश्वास नाही बसणार.

आई : या. पण दार हळू उघडा हं, तिचा आत्ताच डोळा लागलाय.