आभारात माझं नाव

...नाही, तुम्हीच सांगा, माणसाने शिकून नेमकं करायचं काय? लोक मला सरळ विचारतात, 'कमलाकांत, तुम्ही काय शिकलात?' आणि मला सरळ उत्तर देता येत नाही. बांधकाम व्यवस्थेचा डिप्लोमा, असं सांगितलं की म्हणतात, 'म्हणजे इंजिनीअर?' मी म्हणतो, नाही. 'मग गवंडी?' अहो नाही. नकाशा काढतो तो आर्किटेक्ट, भिंत रचतो तो गवंडी, आणि सिमेंट आलं का, खडी आली का, गवंडी जेवून परत आला का, काम वेळेत उठतंय का, हे बघतो तो मी. इमारत बांधायची नाही, बांधून घ्यायची. 'अच्छा,' म्हणतात, 'म्हणजे नुसतं उभं राहायचं.'

आणि हे खूळ माझं नव्हे बरं का. आमचे मनमोहनकाका. गिरगावात आमच्याच बिऱ्हाडात राहतात, म्युनिसिपालिटीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून सगळ्या चाळीला सल्ले देतात. मॅट्रिक झाल्यावर मी म्हटलं, बँकेत कुठेतरी चिकटतो. तर काका पानाला चुना लावता लावता म्हणाले, 'अरे कमळू, बँक बुडते, गिरणीला टाळं लागतं, पण बांधकामाला मरण नाही. मुंबई वाढणार की नाही? मग?' झालं! दादरच्या एका इन्स्टिट्यूटात माझं नाव घातलं. तीन वर्षं शिकलो हो. डिप्लोमा हातात आला, आईने पेढे वाटले, आणि पेढा तोंडात असतानाच खालच्या यशोदामावशी म्हणाल्या, 'कमळू, आता तू बांधकामातला ना, आमच्या मोरीत पाणी तुंबतंय, जरा बघतोस?' माझ्या विद्येचं पहिलं प्रात्यक्षिक ते. मोरी.

बरं, मोरीचंही मला काही वाटलं नसतं, पण मध्ये उर्मिला होती. समोरच्या चाळीतली. आता ते सगळं सांगत बसत नाही, पण आमचं ठरलं होतं. तिचे वडील शरदचंद्रराव, सचिवालयात मोठ्या टेबलावर. मी त्यांना भेटलो, अगदी कडक इस्त्रीचे कपडे घालून भेटलो. ते म्हणाले, 'विरोध नाही माझा. नोकरी लागू द्या, मग बोलू.' किती साधी अट! नोकरी लागू द्या. मी बाहेर पडलो तो हसतच. काका म्हणालेच होते ना, बांधकामाला मरण नाही!

सरकारी खात्यात गेलो, तर म्हणाले, आम्हाला इंजिनीअर लागतो. लहान कंत्राटदारांकडे गेलो, तर प्रत्येकाचा एकेक मेहुणा तेच काम करत होता, डिप्लोम्याशिवाय. शेवटी भायखळ्याच्या एका शेठने ठेवून घेतलं. परळला चार मजली इमारत उठवायची होती. पायाचे चर खणून झाले. मी चरावर उभा. मला वाटलं, लागली नोकरी. पण साल कुठलं? छप्पन! 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणून रोज मोर्चा, रोज सभा, रोज हरताळ... आणि घोषणा मीही देत होतो हो, घसा बसेपर्यंत देत होतो, मुंबई आपली नाही तर कोणाची? पण आमचा शेठ आला, चरात डोकावला आणि म्हणाला, 'बाबूजी, बंबई किसकी, पहले फैसला होने दो. फिर बांधेंगे.' मी म्हटलं, शेठजी, आणि माझा पगार? 'वो भी फैसले के बाद.'

म्हणजे बघा तुम्ही! अख्ख्या महाराष्ट्राचा प्रश्न अडला होता, मान्य. पण त्याला माझं लग्न बांधलेलं होतं हे कोणाला माहीत होतं का? दिल्लीत ठरणार, मग परळला बांधणार, मग मला पगार, मग शरदचंद्ररावांकडे चहा. मी रोज त्या चराशी जाऊन उभा राहायचो. चरात पावसाचं पाणी साठलं, त्यात बेडूक झाले. घरी काका विचारायचे, 'काय, काम कुठवर आलं?' मी म्हणायचो, पाण्यात आहे. 'काळजी करू नकोस. बांधकामाला मरण नाही.'

तिथेच मला आनंदा भेटला. लालबागचा गिरणीकामगार, मालवणकडचा, समितीचा कार्यकर्ता. रोज मला चराशी उभा बघायचा. एक दिवस म्हणाला, 'काय ओ, तुमी इंजिनेर मां? मगे आमका येक स्टेज बांधून देवा. आयतवारी सभा आसा.' आता खरं सांगायचं तर मी तिथेच सांगायला हवं होतं की मी इंजिनीअर नाही. पण इतक्या वर्षांत मला कोणी काही बांधून द्या असं म्हटलंच नव्हतं, मोरी सोडून. मी हो म्हटलं. पैशाचं विचारलं नाही. महाराष्ट्राच्या कामाला पैसे विचारणार? जीभ झडेल की!

आणि तुम्हाला सांगतो, जीव ओतला त्यात. बांबू निवडून घेतले, काथ्या भिजवून घेतला, लालबागची पोरं कामाला लावली आणि प्रत्येकाला वेळ वाटून दिली. पुस्तकात होतं तस्सं! वजनाचा हिशेब केला. आनंदा म्हणाला, वक्ते धा. मी म्हटलं, दहा वक्ते, पण त्यांना हार घालायला प्रत्येक गिरणीचा एक येणार, प्रत्येक चाळीचा एक, व्यायामशाळेचा, भजनी मंडळाचा... आणि आपल्याकडे हार घालून कोणी खाली उतरतो का? मागे जाऊन उभा राहतो. फोटोसाठी! मी त्या सगळ्यांचं वजन धरून खालून दुप्पट टेकू दिले.

मग माझ्या डोक्यात आलं, हे शरदचंद्ररावांनी बघायला हवं. समोर बसून बघायला हवं. आनंदाला म्हटलं, मला काही नको, पण आभार मानताना नाव घ्या. इंजिनीअर कमलाकांत म्हणा, एकदाच म्हणा. तो म्हणाला, 'तेची काळजी नको. आभारात तुमचा नाव येतलाच.'

रविवारी उर्मिलाच्या आग्रहाने शरदचंद्रराव आले, पहिल्या रांगेत बसले. शेजारी उर्मिला. सभा काय झाली म्हणून सांगू! आणि माझ्या अंदाजाप्रमाणे हार घालायला गेलेला एकही माणूस खाली उतरला नाही. जत्रा उभी होती वर. पण स्टेज? हललं नाही. कुरकुरलंसुद्धा नाही. शरदचंद्ररावांनी मान डोलावलेली मी स्वतः पाहिली. मग आभार मानायला समितीचे गुणाजी मास्तर उठले. आता आपले आभार तुम्हाला माहीत आहेत, त्याची वाट ठरलेली असते. अध्यक्षांचे, वक्त्यांचे, शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल श्रोत्यांचे... त्यात इंजिनीअरला जागा कुठे आहे? आनंदाने मास्तरांना माझं नाव सांगितलं होतं, काम सांगितलं होतं, सगळं सांगितलं होतं. पण मास्तर बोलता बोलता त्या ठरलेल्या वाटेला लागले आणि माइकवर म्हणाले, 'तसेच लाउडस्पीकरवाले, आणि मंडपवाले कमलाकांत यांचे!'

टाळ्या. अख्ख्या लालबागने टाळ्या वाजवल्या हो. शरदचंद्ररावांनी वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी घरी आले. फार सभ्य माणूस, आवाज चढवला नाही. 'कमलाकांत, काम पक्कं आहे तुमचं, मी डोळ्यांनी पाहिलं. पण मी नोकरी म्हणालो होतो. उद्या लोक विचारतील, जावई काय करतात, तर मी काय सांगू? मंडप?' मी डिप्लोमा काढून दाखवला. त्यांनी तो वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, 'म्हणजे यात नेमकं काय करतात?'

उर्मिला मला म्हणाली, 'तू त्यांना नीट समजावून का सांगत नाहीस?' काय समजावणार? मलाच कुठे समजलं होतं? तरी ती थांबली. बरीच थांबली. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

इकडे माझं नाव झालं. दादर, भायखळा, नायगाव, जिथे सभा तिथे 'त्या कमलाकांतला बोलवा, त्याचं स्टेज हलत नाही.' सगळं फुकट, कारण सगळं महाराष्ट्रासाठी. संध्याकाळी बांधायचं, सभा व्हायची, सकाळी सोडायचं. काका म्हणतात बांधकामाला मरण नाही, आणि माझं प्रत्येक बांधकाम दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या आत मरायचं. पायाखालून बांबू काढताना काय वाटतं ते ज्याचं त्याला माहीत.

आणि मग साठ साली झाला महाराष्ट्र. मुंबईसकट! रडलो मी, खोटं कशाला सांगू, रस्त्यात अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडलो. घरी येऊन झोपलो आणि सकाळी उठल्यावर ध्यानात आलं, आता सभा कोण घेणार? तरी म्हटलं, असू दे, फैसला तर झाला. तडक भायखळ्याला शेठकडे. शेठ खूश! 'आइये आइये, परेल का काम शुरू कर रहे हैं.' मी म्हटलं, कधीपासून येऊ? म्हणाला, 'कल ही आ जाओ. भूमिपूजन है, एक अच्छा मंडप बांध दो.' मी म्हटलं, शेठजी, मी तुमचा देखरेखीचा माणूस... 'देखरेख मेरा साला देखेगा. तुम तो मंडपवाले हो न? बहुत नाम है तुम्हारा.' मी तिथून उठलो.

दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली, आणि एक दिवस शरदचंद्रराव दारात. उर्मिलाचं ठरलं होतं. मुलगा बँकेत. म्हणाले, 'चाळीच्या चौकात कार्य आहे, माणसं खूप येणार. तुमच्यासारखं पक्कं कोणी बांधत नाही.' नाही म्हणावंसं वाटलं. पण मग डोळ्यांसमोर आलं, दुसरा कोणीतरी बांधणार, कच्चं बांधणार, आणि वर उर्मिला उभी राहणार... मी बांधलं. चौपट टेकू दिले.

लग्न लागलं. शरदचंद्ररावांनी मला बाजूला नेऊन हातात पाकीट दिलं. मी नको म्हटलं. म्हणाले, 'इतकी वर्षं सगळ्यांचं फुकट केलंत, घरच्या कार्यात फुकट नको.' घरच्या! मी कोपऱ्यात जाऊन उघडलं. पन्नास रुपये. वर रुपया नाही. आहेर असता तर वर एक रुपया असता हो. ही मजुरी होती. तीन वर्षं शिकलो, चार वर्षं राबलो, आणि त्या डिप्लोम्याने मिळवून दिलेली पहिली कमाई ती ही, उर्मिलाच्या लग्नातली.

घरी आलो, पाकीट मनमोहनकाकांच्या पुढ्यात ठेवलं. काकांनी चष्मा लावला, नोटा नीट मोजल्या, आणि म्हणाले, 'बघ. मी म्हणत नव्हतो?'