साहेबांच्या नावाची पाटी

नोकरी कशी गेली विचारतोस? अरे, एका पाटीमुळे!

खाडीवरच्या किल्ल्यातली बाग नव्याने करत होते, तिथे माझा दादा माळी होता. गेल्या महिन्यात तो वारला आणि त्याच्या जागी मी लागलो. साहेबांनी फोटो काढून घेत लावलेली सगळी झाडं वाळलेली. दादाचा सोनचाफा तेवढा फुललेला.

मुकादम म्हणाला, "उद्या साहेब येतायत. त्यांच्या नावाची पाटी चाफ्यापुढे ठोक."

"चाफा माझ्या दादाने लावलाय."

"तो गेला ना? आता त्याला काय फरक पडतो?"

माझं डोकंच फिरलं. सकाळी साहेबांनी पाटीपुढचा मोठा पडदा ओढला, तर पाटीमागे वाळकी काटकी.

"हे काय रे?" मुकादम ओरडला.

मी म्हटलं, "साहेबांनी लावलेलं झाड."